पाना लावण्याआधी

जुना ट्रॅक्टर शेतात उभा राहिला की पहिला प्रश्न पडायला हवा तो हा, की त्याला झाले काय. प्रत्यक्षात पहिला प्रश्न असतो, कोणाकडे न्यायचा. तापीकाठच्या प्रकाशा-शहादा पट्ट्यात ऊस, केळी, पपई आणि कापूस शेतकऱ्याला उसंत देत नाहीत, त्यामुळे ही घाई समजण्यासारखी आहे. पण त्या घाईत एक गोष्ट निसटते. बिघाड शोधणे आणि बिघाड दुरुस्त करणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्याची शिस्त वेगळी, आणि त्याचा बराचसा भाग इंजिनाला पाना लावण्याआधीच उरकायचा असतो. माझे म्हणणे याच्याही थोडे पुढचे आहे. पाना हे दुरुस्तीचे हत्यार आहे तसे पुरावा पुसण्याचेही हत्यार आहे. इंजिन का बंद पडले हे उघडल्यावर कळेल असे आपण धरून चालतो. ज्या अवस्थेत ते बंद पडले ती अवस्थाच उघडण्याने मोडते, हे ध्यानात घेत नाही. जुन्या ट्रॅक्टरवरचा पुष्कळसा फुकट खर्च या एका गैरसमजातून होतो, असे मला वाटते.

हा मुद्दा मांडायला प्रकाशासारखे गाव दुसरे नाही. तापी आणि गोमाईच्या संगमावरच्या या गावाला भाविक दक्षिण काशी म्हणतात. पुरातत्त्वाच्या अभ्यासकांना मात्र ते माहीत आहे तिथल्या पांढरीच्या टेकाडामुळे. बी. के. थापर यांनी १९५४-५५ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणासाठी तिथे उत्खनन केले आणि ताम्रपाषाण काळापासून पुढच्या वस्त्यांचे थर एकाखाली एक दाखवून दिले. सर्वेक्षणात ही थरांची शिस्त पक्की केली ती १९४४ ते १९४८ या काळात महासंचालक असलेल्या मॉर्टिमर व्हीलर यांनी. खापर सापडले एवढ्याने त्या शिस्तीत काही सिद्ध होत नाही; ते कोणत्या थरात, कशाच्या वर आणि कशाच्या खाली सापडले, यावर त्याची किंमत ठरते. कारण थर एकदा खणला की संपला. नोंद झाली नसेल तर तो पुन्हा खणता येत नाही. खणणे म्हणजे पुरावा मिळवणे आणि त्याच क्षणी तो नष्ट करणे, ही जाणीव पुरातत्त्वाने स्वतःला लावून घेतली. इंजिन उघडणाऱ्यांच्या धंद्यात ती अजून पुरती रुजलेली नाही.

यावर लगेच कोणी म्हणेल, टेकाड पुन्हा रचता येत नाही, इंजिन येते. नट-बोल्ट काढले तसे लावता येतात, मग पुरावा कसला नष्ट होतो? उत्तर बारीक मापांत आहे. डिझेल पंपातला प्लंजर आणि त्याचे बॅरल यांच्यात दोन-चार मायक्रॉनचीच फट असते. माणसाचा केस सरासरी सत्तर मायक्रॉन जाड असतो. नोझलची भोके मिलिमीटरच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढी. लिंबाखाली, धुळीच्या वाऱ्यात, डिझेलने पुसलेल्या फडक्यावर हे भाग उघडून ठेवले, तर आधीचा बिघाड सापडो न सापडो, नवा मात्र आत शिरतो. हेड उतरवले की दाबून बसलेला गॅस्केट कामातून गेला. बेअरिंगच्या वाट्या आणि पुशरॉड ज्या जागी घासून बसले त्याच जागी परत जायला हवेत; खुणा न करता एका घमेल्यात टाकले तर जात नाहीत. डिझेलच्या नळीत हवेचा बुडबुडा कुठे अडकला होता हे तर नळी सैल केल्याच्या क्षणी कायमचे हरवते. ट्रॅक्टर परत जोडता येतो, हे खरे. ज्या स्थितीत तो अडला ती स्थिती परत जोडता येत नाही.

म्हणून शोध बाहेरून आत जायला हवा आणि स्वस्ताकडून महागाकडे. डिझेल इंजिनाच्या गरजा मोजक्या आहेत. हवा हवी, ती सोळा-सतरा पट दाबली जायला हवी म्हणजे ती पाचशे अंशांच्या पुढे तापते, आणि त्या तापलेल्या हवेत योग्य क्षणी बारीक फवाऱ्याने डिझेल यायला हवे. प्लग नाही, ठिणगी नाही. इंजिन फिरते पण पेटत नाही, तर हवा, दाब, डिझेल आणि वेळ या चारांपैकी काहीतरी चुकले आहे. सेल मारल्यावर फिरतच नाही, तर या चारांचा विचार करण्याचे अजून कारणच नाही. तिथे बॅटरी, तिची टोके, चेसीला जाणारी अर्थची पट्टी आणि सेल्फ एवढेच आरोपी. भरलेल्या बारा व्होल्टच्या बॅटरीवर काहीही चालू नसताना मीटर साडेबाराच्या थोडे वर दाखवतो. सेल मारताना तो दहाच्या बराच खाली बसला तर बॅटरी गेली आहे किंवा सेल्फ फार ओढतो आहे. आकडा चांगला आहे आणि तरी सेल्फ नुसता टकटक करतो, तर टोकांवरची पांढरी-हिरवी बुरशी आणि गंजलेली अर्थची पट्टी आधी. सुरीने खरवडायला पैसे पडत नाहीत. हे इतके उघड आहे की लिहायचीही लाज वाटावी, पण सेल्फ उतरवून आर्मेचर गुंडाळायला जातो आणि पट्टी तशीच राहते, हेही तितकेच उघड आहे.

डिझेलच्या बाजूचे एक उदाहरण जरा सविस्तर घेतो, कारण माझा सगळा मुद्दा त्यात आहे. ट्रॅक्टर सकाळी नीट सुरू होतो, पंधरा-वीस मिनिटे नांगरतो, मग दम तुटल्यासारखा होऊन बंद पडतो. थोडा वेळ उभा ठेवला की पुन्हा सुरू, पुन्हा तेच. याची कारणे अनेक असू शकतात. त्यातले सर्वांत स्वस्त कारण म्हणजे टाकीच्या झाकणाचे श्वासाचे बारीक भोक मातीने बुजलेले असणे. डिझेल जाते तशी टाकीत हवा यायला हवी, ती न आल्याने टाकीत पोकळी तयार होते आणि डिझेल ओढले जाईनासे होते. उभा राहिला की हवा कुठून तरी हळूहळू आत शिरते आणि ट्रॅक्टर बरा होतो. आता समजा मिस्त्री आला, त्याने फिल्टर बदलला. त्याला अर्धा तास लागला. त्या अर्ध्या तासात टाकीने श्वास घेतला. सेल मारला, सुरू झाला. श्रेय कोणाला? फिल्टरला. दुसऱ्या दिवशी पुन्हा बंद पडला की फीड पंप, त्यानंतर नोझल, त्यानंतर पंप कॅलिब्रेशनला. प्रत्येक दुरुस्तीनंतर ट्रॅक्टर खरोखरच चालतो, म्हणून प्रत्येक दुरुस्ती काही वेळ बरोबर वाटते. नंतर घडले म्हणून त्यामुळे घडले, या चुकीला तर्कशास्त्रात नाव आहे. शेतात तिचे नाव बिल. आणि खरी परीक्षा काय होती? बंद पडताना झाकण सैल करून बघायचे. चालू राहिला तर शोध संपला. नाही राहिला तर झाकण निर्दोष, पुढचा आरोपी.

अशा परीक्षांची खुबी ही, की त्या एका वेळी एकच गोष्ट बदलतात आणि दोन्ही उत्तरांतून काही शिकवतात. टाकीच्या तळाचे डिझेल काचेच्या बाटलीत घेऊन तासभर ठेवले की पाणी असल्यास खाली वेगळे दिसते. पावसाळ्यात कॅनमधून भरलेल्या डिझेलला ही परीक्षा विशेष लागू. इंजिन हवा धरते आहे असा संशय असेल तर गळती शोधताना ओल शोधू नये. टाकीतून फीड पंपाकडे जाणाऱ्या नळीत डिझेल ओढले जात असते, त्यामुळे तिथला सैल सांधा डिझेल गाळण्याऐवजी हवा ओढतो आणि बाहेरून कोरडा ठणठणीत दिसतो. त्या जागी पारदर्शक नळीचा वीतभर तुकडा घालून बुडबुडे बघणे ही माझ्या मते गावठी कल्पकतेतली उत्तम युक्ती आहे. आणि हे सगळे करण्याआधी इंजिन बंद करायचा दांडा पूर्ण आत गेला आहे ना, तेही बघावे. केबल गंजून अर्ध्यात अडकली की पंप डिझेल देतच नाही, आणि मग दुनियाभरचे फिल्टर बदलूनही काही होत नाही.

धुराचा पुरावा सगळ्यांना ठाऊक असतो आणि म्हणूनच तो सगळ्यांत जास्त चुकीचा वाचला जातो. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी, पांढरा म्हणजे न जळलेले डिझेल किंवा पाणी, निळा म्हणजे ऑईल जळते आहे, इथपर्यंत ठीक. पण निळा धूर दिसला की रिंग-पिस्टन टाकायला सांगणे हे निदान नाही, ती घाई आहे. जुन्या ट्रॅक्टरना ऑईल बाथ एअर क्लीनर असतो. त्याच्या वाटीत खुणेच्या वर ऑईल भरले गेले तर इंजिन हवेबरोबर तेच ओढते आणि निळा धूर सोडते. चेंबरमध्ये जास्त ऑईल भरले तरी धूर निळाच. दोन्ही बघायला दोन मिनिटे लागतात आणि बोअर करायला हजारो रुपये. बराच वेळ नुसता चालू ठेवून एकदम रेस दिल्यावर निळा लोट येतो आणि जातो, तर संशय व्हॉल्व्हच्या गाइडवर जातो. ओढताना सतत येतो आणि ब्रीदरमधूनही फुसफुस वाफ येते, तर रिंगांवर. काळ्या धुराचेही तसेच. उसाच्या फडात, रोटाव्हेटरच्या धुळीत काम केलेल्या ट्रॅक्टरची क्लीनरची वाटी चिखलाने दाट झाली असेल तर नोझलला दोष देणे अन्याय आहे. हिवाळ्यातल्या सकाळी सुरुवातीचा पांढरा धूर इंजिन तापल्यावर जात असेल तर तो बिघाडच नाही. इथे एक खोच लक्षात घ्यावी. खानदेशच्या उन्हाळ्याला घाबरून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची पद्धत आहे. इंजिन गरम होत होते ते रेडिएटरच्या जाळीत अडकलेल्या पाचटामुळे, ढिल्या पट्ट्यामुळे किंवा बोअरवेलच्या क्षाराच्या पाण्याने धरलेल्या थरामुळे, काढला थर्मोस्टॅट. मग तेच इंजिन डिसेंबरात लवकर तापत नाही, पांढरा धूर धरून ठेवते आणि थंड चालून झिजते. एका चुकीच्या निदानाने दुसऱ्या आजाराची सोय केली.

बाहेरून शोधण्याची सर्वांत देखणी परीक्षा नोझलच्या नळीची आहे. इंजिन हळू चालू ठेवायचे आणि एकेका सिलिंडरच्या नोझलकडे जाणाऱ्या नळीचा नट किंचित सैल करायचा. चांगला सिलिंडर असा बंद केला की इंजिनाचा आवाज लगेच बदलतो, चाल अडखळते. ज्याचा नट सैल केल्याने काहीच फरक पडत नाही तो सिलिंडर आधीपासूनच काम करत नव्हता. (हात फडक्याने झाकलेला आणि नळीच्या तोंडापासून लांब हवा, या दाबाखालचे डिझेल कातडीतून आत शिरते आणि ती जखम दिसते त्याहून फार वाईट असते.) या परीक्षेने कुठे हे कळते, काय हे कळत नाही, हेही कबूल केले पाहिजे. तो सिलिंडर नोझलमुळे मेला, व्हॉल्व्हमुळे की रिंगमुळे, हे पुढचे. म्हणून त्याचे नोझल शेजारच्या सिलिंडरच्या नोझलशी अदलाबदल करून बघायचे. दोष नोझलबरोबर शेजारी गेला तर नोझल. जागेवर राहिला तर आत. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारा त्याचे दात, चाल, श्वास आणि खूर बघून हजारो रुपयांचा सौदा करतो. आत काय आहे ते बघायला घोडा उघडून दाखवा असे तिथे कोणी म्हणत नाही.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. मुरलेला मिस्त्री हे सगळे करत नाही. तो ट्रॅक्टर आवारात शिरतानाच आवाजावरून सांगतो, आणि बहुतेक वेळा त्याचे बरोबर निघते. मग ही पुस्तकी उठाठेव कशाला? मिस्त्रीच्या कानाबद्दल मला आदर आहे, आणि तो कान गूढ नाही असेही मला वाटते. शेकडो इंजिने ऐकून त्याच्या डोक्यात कोणत्या आवाजामागे बहुधा काय निघते याचा हिशेब तयार झालेला असतो. पण हिशेब बहुधा सांगतो, नक्की सांगत नाही. नोझलची खटखट आणि कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगची खटखट यांत फरक असतो खरा, पण सिलिंडरचे डिझेल तोडले की दोन्ही मंदावतात, आणि एकीत नोझल बदलून भागते तर दुसरीत क्रँक खराद्यावर जाते. एवढ्या अंतरावरच्या दोन निकालांमध्ये फक्त कानावर विसंबणे हा कानाचाही अपमान आहे. कानाने आरोपींचा क्रम लावावा. निकाल परीक्षेने द्यावा. शिवाय चांगला मिस्त्री ही परीक्षा करतोच, फक्त तो ती न बोलता, चालता चालता करतो. शिकाऊ पोराला दिसते ते इतकेच, की उस्तादाने आवाज ऐकला आणि हेड उतरवले. मधली झाकण सैल करून बघण्याची, हाताने पाइपची गरमी चाचपण्याची पायरी त्याला दिसत नाही, आणि पुढे तो जे शिकतो ते हेड उतरवणे.

दुसरा आक्षेप हंगामाचा. ऊस तोडून ट्रॉलीत भरला आहे, कारखान्याची पाळी आहे, ट्रॅक्टर तापीच्या पुलाअलीकडे उभा आहे. अशा वेळी एकेक गोष्ट बदलून परीक्षा घेत बसायचे? सगळे एकदम बदला आणि निघा. हा आक्षेप मी अर्धा मान्य करतो. रस्त्यात अडलेल्या ट्रॉलीला तत्त्वज्ञान उपयोगाचे नाही; तिथे फिल्टर, नोझल जे हाताशी असेल ते बदलून हलावेच. पण क्रमाने बघायला दिवस लागतो ही समजूत खोटी आहे. दांडा, झाकण, डिझेलमधले पाणी, क्लीनर, नळीतली हवा, नोझलच्या नळ्या. नेटाने बघितले तर हे तासाभराचे काम आहे, आणि यांतले एखादे दोषी निघाले तर नंदुरबारची किंवा शहाद्याची फेरी वाचते. उलट तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि इंजिन चालू झाले, तर तिघांपैकी कोणामुळे हे कोणालाच कळत नाही. बिलात तिन्ही येतात, पुढच्या वर्षी पुन्हा तिन्ही येतात. काढलेले भाग निदान पिशवीत बांधून ठेवावेत आणि हंगाम संपल्यावर एकेक करून परत लावून बघावेत. चांगले निघालेले जुने नोझल हा पुढच्या वर्षीचा सुटा भाग असतो.

तिसरा आक्षेप जरा वरच्या पट्टीतला आहे: ही जुनी यंत्रे ठेवायचीच कशाला? इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या आराखड्यावरचा महिंद्राचा बी-२७५, झेटरशी करार करून पिंजोरला १९७१ पासून बनलेले एचएमटी, दुर्गापूरच्या संशोधन संस्थेच्या आराखड्यातून १९७४ मध्ये आलेला स्वराज, यांचा काळ गेला. एचएमटीचा ट्रॅक्टर कारखाना बंद करायला केंद्र सरकारने २०१६ मध्ये मंजुरीही दिली. नवी यंत्रे कमी धूर सोडतात, कमी डिझेल खातात. यातले बरेचसे खरे आहे. बोअर झिजून लंबगोल झालेल्या, ऑईल पिणाऱ्या इंजिनाला कवटाळून बसण्यात शहाणपण नाही, आणि नीट केलेले निदान कधी थांबायचे हेही सांगते. त्याचा हा उपयोग कोणी सांगत नाही. पण काळा धूर सोडणारा प्रत्येक जुना ट्रॅक्टर म्हातारपणामुळे धूर सोडतो असे नाही. पुष्कळदा तो बुजलेल्या क्लीनरमुळे सोडतो, आणि नवा ट्रॅक्टरही तसाच बुजवला तर तसाच वागेल. शिवाय जुन्या यंत्राचा एक गुण नव्यात कमी होत चालला आहे: त्याचा बिघाड डोळ्यांनी, कानांनी आणि हातांनी वाचता येतो. भारतात १ जानेवारी २०२३ पासून पन्नास अश्वशक्तीवरच्या ट्रॅक्टरना ट्रेम चारचे प्रदूषण नियम लागू झाले आणि त्या वर्गात पंपाची सूत्रे इलेक्ट्रॉनिक्सकडे गेली. तिथे बिघाडाचा कोड वाचायला कंपनीचा संगणक लागतो. अमेरिकेत याच प्रश्नावर शेतकरी आणि जॉन डिअर यांच्यात वर्षानुवर्षे वाद चालला. कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये शेती अवजारांच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला, आणि जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या संघराज्याच्या व्यापार आयोगाने कंपनीवर दावाही लावला. आपल्याकडे ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली तेव्हा शेती अवजारांचे क्षेत्र त्यात घेतले. हक्क मिळायलाच हवा. पण जे वाचायला कोणाचीही परवानगी लागत नाही, ते तरी आपण वाचतो का, हा प्रश्न हक्काआधीचा आहे.

हा प्रश्न फक्त आपल्या मुलखाचा नाही, याचीही खूण सापडते. अमेरिकेत घराभोवतीचे गवत कापायला लॉन ट्रॅक्टर वापरतात. छोटे पेट्रोल इंजिन, प्लग, कार्ब्युरेटर आणि वर एक बैठक. पुष्कळ मॉडेलांत त्या बैठकीखाली सुरक्षेचा स्विच असतो, माणूस उठला की इंजिन बंद. हा स्विच किंवा त्याची तार गंजली की माणूस बसलेला असूनही इंजिनाला तो दिसत नाही, आणि मालक कार्ब्युरेटर उघडून बसतो. यंत्र वेगळे, इंधन वेगळे, चूक मात्र अगदी ओळखीची: ज्याची परीक्षा फुकट होते ते शेवटी तपासायचे आणि जे उघडायला अवघड ते आधी उघडायचे. अवघड कामाला आपण जास्त खरे काम समजतो, याहून दुसरे कारण मला दिसत नाही.

एक साक्षीदार मात्र सगळीकडेच दुर्लक्षित राहतो, आणि इथे तर विशेष. ट्रॅक्टर मिस्त्रीकडे नेला की नेमका नीट चालतो, ही तक्रार सर्वांच्या तोंडी असते. चालणारच, कारण बिघाड एका परिस्थितीचा असतो आणि मिस्त्रीच्या आवारात ती परिस्थिती नसते. बंद पडला तेव्हा टाकीत डिझेल किती होते? चढावर की सपाटीवर? नांगर खाली होता की वर? तापल्यावर की थंड असताना? एकदम बंद पडला की हळूहळू दम तुटत गेला? एकदम म्हणजे संशय बंद करण्याच्या दांड्याकडे किंवा तुटलेल्या एखाद्या भागाकडे. हळूहळू म्हणजे डिझेलची उपासमार. चढावर आणि टाकी अर्ध्याखाली असतानाच होत असेल तर डिझेल नळीच्या तोंडापर्यंत पोहोचत नाही, बाकी सगळे निर्दोष. ही उत्तरे ज्याच्याकडे असतात तो म्हणजे रोज चालवणारा ड्रायव्हर, आणि गॅरेजमध्ये बोलतो तो मालक. ड्रायव्हरने काही सांगितले तरी ते निमित्त म्हणून ऐकले जाते, कारण बिघाड त्याच्या हातून झाला असणार असा संशय आधीच असतो. मग तोही गप्प राहायला शिकतो, आणि सर्वांत चांगला पुरावा कोपऱ्यात बिडी ओढत बसून राहतो. ट्रॅक्टर नेताना ड्रायव्हरला बरोबर न्यावे, त्याला आधी बोलू द्यावे, आणि मालकाने तेवढा वेळ चहा प्यावा.

राहिला पैशाचा प्रश्न, आणि तोच बहुधा मुळाशी आहे. मिस्त्रीला इंजिन उघडण्याचे पैसे मिळतात, भाग बदलण्याचे मिळतात, नोझल-पंपाच्या कामाचे मिळतात. विचार करण्याचे मिळत नाहीत. त्याने तासभर घालवून झाकणाचे भोक तारेने मोकळे केले, तर आपण त्याला चहा पाजतो आणि एवढ्याशा कामाचे काय पैसे घेणार म्हणून हसतो. त्याने तेच इंजिन उतरवून चार दिवस ठेवले, तर बिल देतो आणि मेहनत घेतली म्हणून आदरही करतो. असा व्यवहार असताना मिस्त्रीने आधी विचार करावा आणि मग पाना उचलावा अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करतो? त्याला दोष देणे सोपे आहे. त्याच्या धंद्याची रचना आपणच केली आहे. ती बदलायला सरकार, कंपनी किंवा कायदा लागत नाही. पुढच्या वेळी ट्रॅक्टर गॅरेजला नेलात तर दोन आकडे वेगळे विचारा: बिघाड शोधायचे किती घेणार आणि दुरुस्तीचे किती. पहिला आकडा आधी द्या, काही न उघडता बिघाड सापडला तर पूर्ण द्या, आणि त्यात घासाघीस करू नका.